लिंकनचे पूर्वज : घरची आठवण आणि कोर्टाचें दप्तर

१८४८ सालच्या मार्च महिन्यांत, अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेंत इलिनॉय संस्थानाकडून नुकत्याच निवडून आलेल्या एका वकिलाकडे त्याच्या घराण्याविषयीं विचारणा आली. विचारणारे गृहस्थ मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील हिंगम गांवचे होते. त्यांचें नांव सॉलोमन लिंकन; आपल्या गांवाचा इतिहास त्यांनीं १८२७ सालींच छापून काढला होता. वकिलाचें नांव अब्राहम लिंकन. आडनांव एक, तेव्हां मूळही एकच असावें, हा तर्क साहजिक होता.

अब्राहम लिंकन ह्यांनीं उत्तर तत्परतेनें पाठविलें, परंतु त्यांत सांगण्यासारखें थोडेंच होतें. आजोबांचें नांवही अब्राहमच. ते व्हर्जिनियांतील रॉकिंगहॅम काउंटींतून केंटकींत आले व तेथें इंडियनांच्या हातून मारले गेले. त्यापूर्वींची मंडळी पेनसिल्व्हेनियांतून आली असावी, अशी घरांत एक अंधुक आठवण होती. वडील सहा वर्षांचे असतांना पोरके झाले, दारिद्र्यांत व नव्या मुलुखांत वाढले, त्यांस शिक्षण मुळींच मिळालें नाहीं. घराण्याची माहिती आपणांस इतकी थोडी असण्याचें कारण बहुधा हेंच, असें त्यांनीं मोकळेपणानें कळविलें. रॉकिंगहॅमकडे डेव्हिड लिंकन नांवाचे एक गृहस्थ राहतात असें समजल्यावरून त्यांनाही त्याच महिन्यांत पत्र गेलें, आणि ते आजोबांच्या भावाचे चिरंजीव निघाले. तरीही हिंगमपर्यंतची वाट सांपडली नाहीं. पुढें १८५९ च्या डिसेंबरांत, अध्यक्षपदाच्या उमेदवारीची भाषा सुरू झाली तेव्हां, लिंकन ह्यांनीं स्वतःचें एक लहानसें चरित्र लिहून दिलें. त्यांतही मॉर्डेकाय, सॉलोमन, लेव्ही, एनॉक, अब्राहम अशीं नांवें दोन्ही घराण्यांत आढळतात, ह्यापलीकडे कांहीं निष्पन्न झालें नाहीं, एवढेंच त्यांना लिहितां आलें.

नांवांचा सारखेपणा हा पुरावा नव्हे, हें वकिलास सांगावयास नकोच. दुसऱ्यांचे जमिनीचे दावे कोर्टांत चालविणारा हा मनुष्य स्वतःच्या आजोबांच्या पलीकडे निश्चयानें बोट दाखवूं शकत नव्हता. आणि आश्चर्य असें कीं, त्याला हवा असलेला पुरावा त्या वेळीं सुरक्षित होता. तो चार-पांच संस्थानांतील निरनिराळ्या कोर्टकचेऱ्यांच्या दप्तरांत पडलेला होता, आणि एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणच्या कागदाशेजारीं ठेवून कोणी वाचला नव्हता.

अठराव्या शतकांतील शेतकरी आत्मचरित्र लिहीत नसे. तो दप्तरांत उमटतो तो चार-दोन प्रसंगीं : जमीन घेतांना, जमीन विकतांना, लग्नाच्या वेळीं जामीन देतांना, कर भरतांना, कोणीं दावा लावला म्हणजे, आणि मेल्यानंतर त्याच्या भांड्याकुंड्यांची यादी होते तेव्हां. ह्याखेरीज घरचा पुरावा म्हणजे बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. शोधणारास दोन्ही लागतात, कारण कोर्टाचा कागद नातें क्वचितच सांगतो आणि घरची आठवण तारीख क्वचितच बरोबर सांगते.

हिंगमकडील टोंक प्रथम पाहूं. सॅम्युएल लिंकन नांवाचा विणकराच्या हाताखालीं शिकणारा एक मुलगा १६३७ सालीं इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यांतून जहाजानें आला आणि ह्या नव्या हिंगम गांवीं स्थायिक झाला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय हा लोहार होता. त्याच्या मुलाचेंही नांव मॉर्डेकायच. हा धाकटा मॉर्डेकाय मॅसॅच्युसेट्स सोडून न्यू जर्सींत गेला, तेथून पेनसिल्व्हेनियांत. आज ज्यास बर्क्स काउंटी म्हणतात त्या भागांत त्यानें १७३३ सालीं बांधलेलें दगडी घर अजून उभें आहे. इकडचें टोंकही ठाऊक होतें : अध्यक्ष लिंकन ह्यांचे पणजोबा जॉन लिंकन हे १७६८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया सोडून व्हर्जिनियांतील लिनव्हिल क्रीक ह्या ओढ्याकांठीं शेती करूं लागले. प्रश्न मधल्या सांध्याचा होता. व्हर्जिनियाचा जॉन हा पेनसिल्व्हेनियाच्या मॉर्डेकायचा मुलगा कशावरून?

मॉर्डेकायचें मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यावरील तारीख फेब्रुवारी १७३५/३६ अशी दुहेरी सालाची आहे. ह्या दुहेरी आंकड्यानें नवखा मनुष्य गोंधळतो. इंग्रजी मुलुखांत १७५२ पर्यंत नवें वर्ष २५ मार्चला लागे. त्यामुळें जानेवारी-फेब्रुवारींतील दिवस जुन्या हिशेबानें एका सालांत व नव्या हिशेबानें पुढच्या सालांत पडे. हें ध्यानांत न घेतल्यामुळें कित्येक वंशावळींत बापाच्या आधीं मुलगा मेलेला आढळतो! असो. त्या मृत्युपत्रांत पेनसिल्व्हेनियांतील जमीन दुसऱ्या बायकोच्या मुलांना दिली आहे आणि पहिल्या बायकोचा मुलगा जॉन ह्यास न्यू जर्सींतील तीनशें एकर जमीन दिली आहे. वडील मुलास घराजवळची जमीन न देतां दूरची, मागें टाकून आलेल्या प्रांतांतली जमीन दिली, ह्याचें त्यास काय वाटलें असेल तें कागद सांगत नाहीं. मात्र ह्या दूरच्या जमिनीनेंच पुढें त्याची ओळख पटविली. १७४८ सालीं पेनसिल्व्हेनियांत लँकेस्टर काउंटींत राहणाऱ्या जॉन लिंकननें न्यू जर्सींतील तीनशें एकर जमीन विकली, आणि त्या खरेदीखतांत आपण मॉर्डेकायचा पुत्र व वारस आहों असें लिहून दिलें. मृत्युपत्र एका प्रांतांत, खरेदीखत दुसऱ्या प्रांतांत. दोहोंत आंकडा एकच. सॅम्युएल शॅकफर्ड ह्या संशोधकानें हा सांधा १८८७ सालीं न्यू इंग्लंडच्या वंशावळीविषयक त्रैमासिकांत जुळवून दाखविला. लिंकन ह्यांचा खून होऊन तेव्हां बावीस वर्षें झालीं होतीं.

जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम लिंकन, म्हणजे अध्यक्षांचे आजोबा. १७८० सालीं त्यानें रॉकिंगहॅममधील आपली अडीचशें एकर जमीन पांच हजार पौंडांस विकली. हा आंकडा वाचून घराणें श्रीमंत होतें असें कोणी अनुमान काढील तर तें फसेल. ते पौंड व्हर्जिनियाच्या कागदी चलनाचे होते, आणि युद्धाच्या त्या वर्षांत त्या चलनाची किंमत मातीमोल झाली होती. त्या व्यवहाराच्या कागदांत एक लहानशी गोष्ट मोठ्या उपयोगाची आहे. तत्कालीन कायद्याप्रमाणें नवऱ्यानें जमीन विकली तरी तींतील बायकोचा हक्क आपोआप सुटत नसे. तिला नवऱ्यापासून बाजूस घेऊन, तिच्यावर जबरदस्ती तर नाहीं ना, असें विचारावें लागे. बायकोला कोर्टांत येणें शक्य नसल्यामुळें कोर्टानें तिच्या घरीं माणसें पाठविलीं. ह्या उपचारामुळें तिचें नांव बाथशीबा असें दप्तरांत उतरलें. पूर्वींच्या चरित्रकारांनीं ह्या कॅप्टनास निरनिराळ्या नांवांच्या बायका बहाल केल्या होत्या. एरवीं ज्या कागदांत बाई दिसत नाहीं तेथें ती एवढ्यासाठीं दिसली कीं, जमीन विकत घेणारास आपला हक्क निर्वेध हवा होता.

केंटकी त्या काळीं व्हर्जिनियाचाच भाग. तेथील चारशें एकरांच्या सनदेंत कारकुनानें कॅप्टनचें आडनांव ‘लिंकहॉर्न’ असें लिहिलें आहे. कारकून कानावर पडेल तसें लिही, आणि समोरचा मनुष्य स्पेलिंग सुधारून सांगण्याच्या स्थितींत क्वचितच असे. म्हणून जुन्या दप्तरांच्या अनुक्रमणिकेंत एकच आडनांव शोधणारा मनुष्य निम्म्या कागदांस मुकतो. आडनांव डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं शोधावें लागतें. अशा सनदा मिळवीत कॅप्टननें केंटकींत पांच हजार एकरांहून अधिक जमिनीवर हक्क जोडला. ह्या दप्तरांविषयीं एक गोष्ट विसरूं नये : त्यांचा आरंभ गोऱ्या माणसाच्या सनदेपासून होतो. त्याच्या पूर्वीं त्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या लोकांच्या हक्कास तेथें एकही पान नाहीं. त्या हक्काचा झगडा दप्तराबाहेर, बंदुकीनें चालला होता. १७८६ सालीं शेतांत काम करीत असतां कॅप्टन लिंकन गोळीनें ठार झाला. तिघे मुलगे जवळ होते. थोरल्या मॉर्डेकायनें झोंपडीच्या आडून इंडियनावर गोळी झाडली व धाकट्या टॉमसला वांचविलें, ही गोष्ट टॉमसनें पुढें आपल्या मुलाला पुष्कळ वेळां सांगितली.

येथें घरची आठवण व दप्तर ह्यांचा पहिला विरोध येतो. घरच्या समजुतीप्रमाणें टॉमस तेव्हां सहा वर्षांचा होता. परंतु घरच्याच बायबलांत त्याचा जन्म जानेवारी १७७८ चा आहे. म्हणजे १७८६ सालीं तो आठ वर्षांचा असला पाहिजे. पुढें तो कर-याद्यांत सज्ञान म्हणून ज्या सुमारास दिसूं लागतो, त्यावरून कित्येकांनीं त्याचा जन्म १७७६ पर्यंत मागें नेला आहे. लहानपणीं पोरका झालेला मनुष्य त्या दिवशींचें आपलें वय प्रत्यक्षाहून लहान समजतो, ह्यांत नवल नाहीं.

कॅप्टनच्या जंगम मालमत्तेची यादी नेल्सन काउंटीच्या दप्तरांत आहे. तांबूस घोडा एक, काळा घोडा एक, वासरांसह गाई, नांगर व त्याचें जोतसामान, तण काढण्याच्या कुदळी तीन, जवसाचें सूत कातण्याचा चरखा, कथिलाच्या ताटल्या एक डझन, करवत व लहानमोठीं गिरमिटें, पिसांच्या गाद्या तीन, बंदुका तीन, कुऱ्हाड एक. एकूण किंमत ६८ पौंड १६ शिलिंग ६ पेन्स. ही यादी वाचतांना ते घर डोळ्यांपुढें उभें राहतें. गाद्या तीन, म्हणजे एवढ्या कुटुंबांत पोरें दाटीनेंच निजत असणार. गिरमिटें व करवत आहेत, म्हणजे सुतारकाम घरचें. आणि टॉमस पुढें सुतारच झाला.

स्थावराची गोष्ट निराळी. व्हर्जिनियाच्या जुन्या कायद्याप्रमाणें मृत्युपत्राशिवाय मेलेल्या माणसाची सर्व जमीन थोरल्या मुलाकडे जाई. हा नियम रद्द करणारा कायदा १ जानेवारी १७८७ पासून अमलांत आला. कॅप्टन मेला तो त्याच्या कांहीं महिने आधीं. मॉर्डेकाय जमीनदार झाला आणि टॉमस मजुरी करीत गांवोगांव हिंडूं लागला. अब्राहम लिंकन आपल्या बापाच्या दारिद्र्याविषयीं लिहितात, पण त्याच्या मुळाशीं असलेल्या ह्या तारखेचा उल्लेख त्यांच्या लेखांत नाहीं.

टॉमसनें १८०६ सालीं नॅन्सी हँक्सशीं लग्न केलें. कोठें, तें लिंकन ह्यांनीं १८६० च्या आपल्या दुसऱ्या चरित्रलेखांत लिहिलें नाहीं. लिंकन गेल्यानंतर चरित्रें लिहिणारी मंडळी पुरावा हुडकूं लागली. टॉमस हार्डिन काउंटींत राही, तेथेंच अब्राहमचा जन्म, म्हणून हार्डिनचें दप्तर चाळलें गेलें. तेथें लग्नाचा कागद नव्हता. झालें! १८७२ सालच्या एका चरित्रांत हें लग्न रीतसर झालें होतें कीं नाहीं ह्याविषयींच संशय व्यक्त झाला. ज्या पुरुषानें देश एकत्र राखला त्याचे आईबाप विवाहित होते कीं नाहीं, ही चर्चा वर्तमानपत्रें व चव्हाटे ह्यांवर आली. आणि ती खोडून काढण्यास त्या घरांतलें कोणी जाणतें माणूस उरलें नव्हतें.

कागद होता, परंतु दुसऱ्या काउंटींत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढा मुलूख, मात्र तिचें कोर्ट व तिचें दप्तर स्वतंत्र. लग्नाचा परवाना वधूच्या घरच्या काउंटींत काढण्याची चाल होती. वॉशिंग्टन काउंटींतील स्प्रिंगफील्ड गांवीं कांहीं वृद्ध घराण्यांत अशी आठवण चालत आली होती कीं, नॅन्सी लग्नापूर्वीं रिचर्ड बेरी ह्यांच्या घरीं राही व लग्न तिकडेच लागलें. त्या आठवणीच्या धोरणानें तेथील कोर्टाचे कारकून बुकर ह्यांनीं जुनीं गाठोडीं सोडलीं, आणि १८७८ सालीं तें जामीनपत्र हातीं आलें. तारीख १० जून १८०६. पन्नास पौंडांचा जामीन. सह्या टॉमस लिंकन व रिचर्ड बेरी. ह्या विवाहास कायद्याची कांहीं आडकाठी नाहीं अशी ती हमी होती. जेस्सी हेड नांवाच्या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकानें पुढच्या वर्षीं, आपण लावलेल्या लग्नांची यादी कोर्टाकडे धाडली. तींत १२ जून १८०६ खालीं ह्या दोघांचीं नांवें आहेत. बहात्तर वर्षें हा कागद जागचा हलला नव्हता. शोधणारे चुकीच्या इमारतींत शोधीत होते.

ही चूक अमेरिकेंत फार वेळां घडते, कारण शेत जागच्या जागीं राहतें व काउंटी त्याच्या डोक्यावरून सरकत जाते. नेल्सन काउंटी जेफरसनमधून निघाली. १७९२ सालीं वॉशिंग्टन काउंटी नेल्सनमधून निघाली. लिंकन ह्यांचा जन्म हार्डिनमधला. परंतु १८४३ पासून ती जागा लारू काउंटींत आहे. मनुष्य एकाच झोंपडींत जन्मला आणि मेला, तरी त्याचे कागद तीन गांवच्या कपाटांत असूं शकतात.

लग्न सिद्ध झालें; पण वधू कोण, हा प्रश्न त्याहून अवघड ठरला. हर्न्डन हे लिंकन ह्यांचे वकिलींतले भागीदार. त्यांनीं असें लिहून ठेवलें आहे कीं, १८५० च्या सुमारास एकदां गाडींतून कोर्टाकडे जातांना लिंकन ह्यांनीं आपली आई लूसी हँक्स हिची विवाहबाह्य संतति असल्याचें सांगितलें. ह्या एका वाक्यामुळें हर्न्डनवर पुष्कळ शिव्याशापांचा वर्षाव झाला. इकडे नॅन्सीबरोबर वाढलेला तिचा आप्त डेनिस हँक्स, तिचें आडनांव स्पॅरो होतें असें हट्टानें सांगे. तिला लहानपणीं स्पॅरो मंडळींनीं सांभाळलें होतें हें खरें. पण तेवढ्यावरून आडनांव बदलत नाहीं.

१८९९ सालीं कॅरोलिन हँक्स हिचकॉक ह्या बाईंनीं नॅन्सीच्या बाजूनें एक कागद पुढें आणला. जोसेफ हँक्स नांवाच्या शेतकऱ्याचें नेल्सन काउंटींतील १७९३ चें तें मृत्युपत्र. त्यानें मुलांना एकेक घोडा व मुलींना एकेक कालवड दिली आहे, आणि प्रत्येक जनावराचें नांव लिहिलें आहे. नॅन्सी नांवाच्या मुलीच्या वांट्यास पायडी नांवाची कालवड आली. केवढें समाधान! बाप मिळाला, मृत्युपत्र मिळालें, कालवडसुद्धां मिळाली. अपवाद घेण्यास जागाच उरली नाहीं. परंतु दुर्दैवानें ती नॅन्सी दुसरी होती. जोसेफची मुलगी नॅन्सी म्हणजे त्याच डेनिस हँक्सची आई. अध्यक्षांच्या आईची ती मावशी. हँक्स घराण्यांत नॅन्सी हें नांव इतकें आवडतें होतें कीं, एका पिढींतील नॅन्सी दुसरीपासून वेगळी ओळखण्यास कालवड पुरी पडली नाहीं. मनाला हवी तीच गोष्ट सांगणारा कागद हातीं आला म्हणजे तो दोनदां तपासावा, हें त्या बाईंना कोणी सांगितलें नाहीं.

लूसीविषयींचे कागद मर्सर काउंटींत निघाले. १७८९ च्या नोव्हेंबरांत तेथील ग्रँड ज्यूरीनें लूसी हँक्स हिच्यावर दुर्वर्तनाचा आरोप ठेवला. पुरुषाचें नांव आरोपांत नाहीं. पुढच्या एप्रिलांत हेन्री स्पॅरो ह्यानें तिच्याशीं लग्न करण्यासाठीं जामीनपत्र लिहून दिलें, आणि त्याच्यासोबत एक चिठ्ठी आहे : आपण सज्ञान आहों व आपली संमति आहे, असें लूसीनें लिहून सही केली आहे. स्पेलिंग चुकलेलें आहे. परंतु त्या रानांत लिहितां येणारी बाई किती विरळा, हें लक्षांत घेतलें पाहिजे. बापाच्या किंवा पालकाच्या तोंडानें न बोलतां ती स्वतः बोलली. विल्यम बार्टन ह्यांनीं १९२९ च्या आपल्या ग्रंथांत हीं साधनें एकत्र मांडलीं. लुई वॉरन ह्यांनीं उलट बाजू घेतली : लूसी ही मूळची शिप्ले घराण्यांतली, हँक्सांची सून व विधवा, म्हणजे नॅन्सी औरस.

ह्या वादांत शेवटीं कागदाबाहेरचा साक्षीदार बोलावावा लागला. जनुकांचा एक भाग केवळ आईकडून अपत्याकडे उतरतो व मुलीकडूनच पुढें जातो. नॅन्सीची मुलगी सारा १८२८ सालीं बाळंतपणांत बाळासह गेली, तेव्हां नॅन्सीची स्वतःची अशी ओळ उरलेली नाहीं. म्हणून हँक्स बहिणींच्या व शिप्ले बहिणींच्या लेकींच्या ओळी आजच्या स्त्रीपुरुषांपर्यंत उतरवून त्यांची तुलना करण्यांत आली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें लूसीची ओळ शिप्ले घराण्याशीं जुळत नाहीं, हँक्स बहिणींशीं जुळते. म्हणजे ती जोसेफ हँक्स व त्याची बायको ॲन ह्यांची मुलगी ठरते. हर्न्डनचें पारडें त्यामुळें जड झालें. नॅन्सीचा बाप कोण, ह्याचें उत्तर मात्र कोणत्याही दप्तरांत नाहीं.

आतां टॉमसकडे वळलें पाहिजे, कारण दप्तरानें त्याच्यावर जेवढे उपकार केले तेवढे दुसऱ्या कोणावर केले नाहींत. जुन्या चरित्रांत तो आळशी, अडाणी, जागा बदलीत फिरणारा असा रंगविलेला आहे. मुलाची थोरवी उठून दिसावी म्हणून बापाला काळिमा फासण्याची ही रीत नवी नव्हे. स्वतः लिंकन ह्यांनींही, बाप जेमतेम आपलें नांव वेड्यावांकड्या अक्षरांत लिही, ह्यापेक्षां अधिक कांहीं लिहिलें नाहीं. वॉरन ह्यांनीं केंटकींतील कोर्टांचीं बुकें पान-पान उलटलीं व १९२६ सालीं वेगळाच टॉमस उभा केला : ज्यूरीवर बसलेला, सैन्यपथकांत काम केलेला, १८१६ सालीं एका रस्त्याच्या तुकडीची देखरेख कोर्टानें ज्याच्यावर सोपविली असा. १८१४ च्या कर-यादींत त्याच्या भागांतील ९८ मालकांत मालमत्तेनें तो पंधरावा आहे.

त्याच कर-बुकांत जमिनीचा रकाना आहे, घोड्यांचा आहे, आणि गुलामांचा आहे. घोड्यांप्रमाणें गुलामांचीही फक्त संख्या. टॉमस लिंकनच्या वंशजास त्याचें नांव दर वर्षीं सांपडतें. शेजारच्या शेतावर राबणाऱ्या काळ्या कुटुंबाच्या वंशजास १८७० च्या खानेसुमारीपर्यंत थांबावें लागतें, कारण सर्व काळ्या लोकांचीं नांवें त्या खानेसुमारींत प्रथम लिहिलीं गेलीं. त्यामागें जावयाचें तर मालकाच्याच मृत्युपत्रांत व यादींत, गाईगुरांच्या ओळींत, आपल्या आजीचें नांव शोधण्याची पाळी येते.

टॉमस जागा कां बदलीत होता, ह्याचें उत्तरही कोर्टांतच आहे. १८०३ सालीं त्यानें मिल क्रीक येथें २३८ एकर जमीन ११८ पौंडांस घेतली. १८१४ सालीं विकतांना मोजणींतील दोषामुळें ती दोनशें एकरच धरावी लागली व शंभर पौंडांस गेली. १८०८ च्या डिसेंबरांत त्यानें सिंकिंग स्प्रिंग येथील शेत दोनशें डॉलर रोख देऊन घेतलें. दोन महिन्यांनीं अब्राहम तेथेंच जन्मला. ह्या जमिनीवर पूर्वींच्या एका मालकाचा बोजा होता. दावा झाला, टॉमस हरला, आणि १८१६ सालीं जमीन विकण्याचा हुकूम सुटला. मधल्या काळांत तो नॉब क्रीककांठीं राहावयास गेला होता. तेथें फिलाडेल्फियाच्या एका मिडलटन नांवाच्या गृहस्थाच्या वारसांनीं दहा हजार एकरांची जुनी सनद काढून दहा शेतकऱ्यांवर कबजा सोडण्याचे दावे लावले, आणि त्यांत टॉमसचा दावा नमुन्याचा म्हणून चालला.

तीन शेतें, तिन्हींत तंटा. ह्यांत टॉमसचा दोष एवढाच कीं तो केंटकींत राहत होता. तेथें सरकारनें जमीन आधीं मोजून मग विकली नाहीं. सनद आधीं दिली आणि मोजणी ज्याची त्यानें करून घ्यावयाची. चतुःसीमा म्हणजे अमुक ओक, तमुक ओढ्याचें वळण, फलाण्याच्या कुंपणाचा कोपरा. एकाच जमिनीवर तीन-तीन सनदा कौलांसारख्या एकीवर एक चढत. सिंकिंग स्प्रिंगच्या मोजणींत खूण म्हणून लिहिलेला पांढरा ओक पुढें ‘सीमेचा ओक’ म्हणून प्रसिद्ध झाला व १९७६ पर्यंत जगला. त्यानें साक्ष देऊनही टॉमसची जमीन राहिली नाहीं. ओहायो नदीपलीकडे इंडियानांत सरकारनें सर्व मुलूख चौकोनांत मोजून मग विक्रीस काढला होता. १८१६ च्या हिंवाळ्यांत टॉमस बायको, नऊ वर्षांची सारा व सात वर्षांचा अब्राहम ह्यांना घेऊन तिकडे गेला. केंटकी सोडण्याचें कारण कांहीं अंशीं गुलामगिरी, परंतु मुख्यतः जमिनीच्या हक्कांचा घोळ, असें लिंकन ह्यांनीं १८६० सालीं लिहिलें. आणि ह्या बाबतींत घरची आठवण व दप्तर ह्यांची साक्ष अक्षरशः एक आहे. १८१७ च्या ऑक्टोबरांत टॉमसनें व्हिन्सेन्सच्या सरकारी कचेरींत १६० एकर जमीन एकरीं दोन डॉलरप्रमाणें नोंदविली. सर्वांचे पैसे त्याच्यानें फिटले नाहींत. १८२७ सालीं निम्मी परत करून त्यानें उरलेल्या ऐंशीं एकरांची पक्की सनद घेतली, व तिच्यावर कोणाचाही दावा आला नाहीं.

१८१८ सालीं केंटकीच्या कोर्टांत ज्यूरीनें नॉब क्रीकच्या दाव्याचा निकाल टॉमसच्या बाजूनें दिला. जिंकलेली जमीन सोडून त्याला तेव्हां दीड वर्ष झालें होतें. त्याच वर्षीं इंडियानांतील त्याच्या वस्तींत दुधाचा रोग पसरला. जंगलांतील एक विषारी वनस्पति खाल्लेल्या गाईंच्या दुधानें माणसें दगावत, हें त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें. नॅन्सी त्यांत गेली. टॉमसनें फळ्या कापून पेटी स्वतःच केली, अशी घरची आठवण आहे. तिच्या नांवावर जमीन नव्हती, म्हणून कोर्टाच्या दप्तरांत तिच्या मृत्यूचा कागद नाहीं. टॉमस १८५१ च्या जानेवारींत वारला. त्यानंतर लिंकन ह्यांनीं वडिलांच्या घरच्या बायबलाच्या पानावर कुटुंबाच्या तारखा आपल्या हातानें लिहिल्या. तें पान पुढें फाटलें व त्यांतील कांहीं शब्द एका जुन्या नकलेवरून भरून काढावे लागतात. परंतु टॉमस लिंकनची पत्नी नॅन्सी ५ ऑक्टोबर १८१८ रोजीं वारली, ही ओळ तेथें आहे.